जमिनीपासून वीतभर

दहिवडीच्या पुढे माळावर बिराप्पांचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलगे मुंबईला असतात. घरात बिराप्पा आणि त्यांची बायको, मागच्या वाडग्यात चाळीस मेंढरं. मेंढरं टेम्पोत घालून पळवण्याचे प्रकार माण तालुक्यात वाढले, तेव्हा धाकट्या मुलाने मुंबईतून फोन करून सांगलीच्या गोमटेश मगदूमला घराला अलार्म बसवायला सांगितलं. गोमटेश दिवसभर काम करत होता. वाडग्याच्या दाराला सेन्सर, पत्र्यावर भोंगा, भिंतीवर आकड्यांची पाटी. संध्याकाळी शेवटी त्याने स्वयंपाकघरात, मोरीच्या उंबऱ्याशेजारी एक लाल बटण बसवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

बिराप्पा चहाचा कप घेऊन बघत उभे होते.

"आवं, हे बटण इतकं खाली? कोंबडी दाबंल की."

"दाबू दे."

"जरा वर घ्या. मानसाच्या हाताला यायला पायजे."

"बाबा, मानूस उभाच असंल असं कशावरनं?" गोमटेश म्हणाला. मग हत्यारं पिशवीत भरता भरता त्याने कुंडलकडच्या एका बाईची हकीकत त्यांना सांगितली. कुठल्याही नव्या घरात काम संपलं की तो ती सांगतो. काही गिऱ्हाइकं ऐकून घेतात. विट्याच्या एका डॉक्टरांनी त्याला पुढच्या कामाला बोलावलं नाही. स्वतःच्या हातून बाई गेली असं सांगणाऱ्या माणसाला अलार्म बसवायला कोण बोलावणार, असं त्याची बायको स्वप्नाली त्याला अनेकदा म्हणाली आहे. त्याने सांगणं थांबवलेलं नाही.

गोमटेश आता अडतीस वर्षांचा आहे. आयटीआय झाल्यावर सात वर्षं तो खंडाळ्याजवळच्या एका कारखान्यात आगीच्या अलार्मची देखभाल करत होता. तिथल्या साहेबांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. अलार्म चुकून वाजला तर माफ आहे, वाजायला हवा तेव्हा वाजला नाही तर माफी नाही. वडील वारले तेव्हा तो नोकरी सोडून सांगलीला परत आला आणि विश्रामबागेत एका गाळ्यात त्याने कॅमेरे आणि अलार्मचं दुकान टाकलं. मदतीला कोणी नाही. शिडी तोच धरतो, तोच चढतो.

राजमती पाटील त्याच्या जैन समाजातल्या, लांबच्या ओळखीच्या. कुंडलच्या पुढे गावापासून अर्ध्या किलोमीटरवर, उसात त्यांचं घर. नवरा बाळगोंडा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलत्या मुलाचं नाव अतिशय, तो पुण्याला एका कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्याने आईला पुण्याला नेऊन पाहिलं होतं. तीन आठवड्यांत ती परत आली.

"आठव्या मजल्यावर ऱ्हातो. सून कामावरनं येती साडेआठला. सगळी अंधारात जेवत्यात," असं तिने गावात येऊन सांगितलं. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या बाईच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

मग शेजारच्या वस्तीवर दिवसाढवळ्या एका म्हाताऱ्या जोडप्याला बांधून घालून चोरी झाली. अतिशयने गोमटेशला फोन केला. पुढच्या-मागच्या दाराला सेन्सर, गच्चीवर भोंगा, मागच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आवाजासकट चित्रण करणारा कॅमेरा आणि काकूंच्या गळ्यात दोऱ्याला बांधलेलं मदतीचं बटण, असा सगळा संच बसला. रात्री दहाला अलार्म आपोआप चालू व्हायचा, सकाळी सहाला बंद.

अडचण दुसऱ्याच आठवड्यात सुरू झाली. राजमती साडेचारला उठत. पाचच्या आत मागचं दार उघडून बंब पेटवायला जात. दार उघडल्यावर तीस सेकंदांत पुढच्या भिंतीवरच्या पाटीवर चार आकडे दाबायचे, नाहीतर भोंगा. चष्मा देव्हाऱ्यात राहिलेला असायचा. गळ्यातलं बटण त्या चुलीपुढे वाकल्या की पाटावर दाबलं जायचं. दोन महिन्यांत भोंगा अकरा वेळा वाजला. दरवेळी शेजारचा कृष्णात काठी घेऊन उसाच्या सरीतून पळत यायचा.

"काकू, पुढच्या वेळी चोर आला तरी मी गोधडीतच ऱ्हानार बघा," तो म्हणाला. त्याची बायको सुलाबाई हसली, पण तो पुरता हसत नव्हता.

गोमटेशने यावर उपाय काढला. हाकेला उत्तर देणारा, मराठी समजणारा एक स्पीकर त्याने आणला आणि अलार्म त्याला जोडून दिला. आता आकडे नकोत, चष्मा नको. उठल्यावर "मी उठले" म्हणायचं, की अलार्म बंद. संकट आलं तर "वाचवा" म्हणायचं, की भोंगा वाजणार आणि कृष्णातला, अतिशयला, गोमटेशला एकाच वेळी फोन जाणार. अवेळी दार उघडलं तर भोंग्याआधी तो स्पीकरचा डबा एकदा विचारणार, "घरी सगळं ठीक आहे ना? बोला." डब्याला हाक मारायला कंपनीने चार नावं दिली होती. राजमतींनी "माया" निवडलं.

"आमच्या म्हशीचं नाव व्हतं. हाक मारायची सवय हाय," त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी त्यांनी गोमटेशला शाबासकीही दिली. "म्हशीपरास शानी हाय. पयल्या हाकंला ओ देती."

पावसाळाभर भोंगा एकदाही चुकून वाजला नाही. श्रावणात गोमटेश तपासणीला गेला तेव्हा गळ्यातलं बटण खुंटीला लटकलेलं होतं. त्याने ते काढून घेतलं. आता त्याचं काम उरलं नाही, असं त्याला वाटलं. ते त्याने मिरजेच्या एका घरी बसवलं.

त्या भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस राजमतींनी एकभुक्त राहून काढले. शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, पाण्याशिवाय उपवास आणि पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत मौन धरलं. हे व्रत त्या बावीस वर्षं करत होत्या. गोमटेशच्या घरीही त्याची आई हेच करते. त्या पहाटे ती शेजारच्या खोलीत न बोलता फुलं निवडत होती आणि गोमटेश देवळात अभिषेकाला जायला धोतर नेसत होता. पाच वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मागून भोंगा ऐकू येत होता.

"गोमटेशभाऊ, तुमचा भोंगा पुन्यांदा बोंबलाय लागलाय बघा!" सुलाबाई ओरडत होती. "आक्का मौनात हायत्या. त्यो डबा इचारतोय, बोला, बोला. ह्या नुसत्या हात करत्यात."

"पाटीवर आकडे दाबा म्हणावं."

"आवं, चष्मा कुठाय त्येंचा! आन आकडं मला सांगनार कशा, बोटांनी?"

गोमटेशच्या लक्षात आलं. सगळं घर त्याने बोलण्यावर टाकलं होतं, आणि न बोलण्याचे दिवस कोणते हे विचारलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती, त्याला ते माहीत होते. त्याने फोन राजमतींच्या कानाला लावायला सांगितला.

"काकू, आजच्या दिवस भोंगा बंद ठेवतो. उद्या पारण्याला चालू करतो. तुमी शांत ऱ्हावा."

"मान हलवली," सुलाबाईने सांगितलं.

त्याने मोबाइलवरून अलार्म दुसऱ्या सकाळपर्यंत बंद केला. मग त्याला वाटलं, काकू सामायिकाला, ध्यानाला बसतील, एखादं दार वाजेल, आणि तो डबा पुन्हा "बोला, बोला" म्हणत राहील. व्रतातल्या माणसाला असं सतवणं त्याला बरं वाटलं नाही. डब्याचा प्लगही मोबाइलवरूनच चालायचा. पाच वाजून बारा मिनिटांनी त्याने तो बंद केला. जो माणूस बोलणार नाही, त्याच्याजवळ ऐकणारं यंत्र कशाला, एवढाच त्याचा विचार होता. भोंगा बंद ठेवतो हे त्याने काकूंना सांगितलं होतं. डब्याचं त्याने सांगितलं नाही.

राजमती देवळात जाऊन बाराच्या सुमारास परतल्या. जावेने त्यांना दारापर्यंत सोडलं. त्या दिवशी गणपती विसर्जन होतं. कृष्णात आणि सुलाबाई दुपारी गावात गेली ती रात्री उशिरा आली. परतल्यावर सुलाबाईने आक्कांच्या दाराकडे पाहिलं. दिवा नव्हता. मौनात बाईला हाक मारून अडचणीत कशाला टाकायचं, म्हणून ती तशीच घरी गेली. जेवणाचा डबा न्यायचा प्रश्न नव्हता, उपवास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती पारण्यासाठी दूध घेऊन आली. राजमती मोरीच्या उंबऱ्याजवळ पडलेल्या होत्या. अंग गार होतं. डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याचं हाड मोडलं होतं, मृत्यू मध्यरात्रीनंतर केव्हातरी झाला असावा. मोरीपासून पुढच्या खोलीकडे फरशीवर चारेक फूट लुगड्याने पुसल्यासारखा पट्टा होता. अलार्मची पाटी पुढच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला होती.

गावात दुपारपर्यंत एकच बोलणं होतं. भोंगा वाजला नाही, कुणाला फोन गेला नाही. म्हणजे आक्कांनी हाकच मारली नाही. नुसतं "वाचवा" म्हटलं असतं तरी माणसं पळत आली असती. पण त्या म्हणाल्या नाहीत. हाड मोडलं, मौन मोडलं नाही. देवळाचे विश्वस्त नानासो यांनी अंत्ययात्रेत हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं आणि बायकांनी हात जोडले. पुण्याहून आलेला अतिशय तोवर कोणाशी नजर मिळवत नव्हता. ते ऐकल्यावर तो मान वर करून बसला.

बाहेरचं कोणी घरात आलं होतं का, हे पाहायला पोलिसांनी गोमटेशला कॅमेऱ्याचं चित्रण तपासायला सांगितलं. मागच्या खोलीत दार लावून तो एकटा बसला. कॅमेरा सोप्यावर होता. त्यात मोरी दिसत नव्हती, आवाज येत होता.

दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी बादली पडल्याचा आणि त्यामागून जड काहीतरी पडल्याचा आवाज होता. मग नऊ मिनिटं फक्त कण्हणं. तीन एकतीसला राजमती बोलल्या.

"माया, वाचवा."

गोमटेशने ते चित्रण शेवटपर्यंत ऐकलं. गावातून ढोल ऐकू येत होते. त्यावरून राजमतींचा आवाज. दोनदा त्यांनी कृष्णातला हाक मारली, एकदा सुलाबाईला. डब्याला चौदा वेळा. सुरुवातीला नीट, शिकवल्याप्रमाणे, आधी नाव आणि मग एक शब्द. नंतर नुसतं नाव. चौदावी हाक पाच वाजून पन्नास मिनिटांची. "माया, आज का बोलत न्हाईस गं? माझं काय चुकलं का?" त्यानंतर हळू आवाजात णमोकार मंत्र, तो अंधार पडल्यावर कधीतरी थांबला. सकाळी साडेसहाला गोमटेशने सांगलीतून प्लग चालू केला होता. चित्रणात त्या वेळी डब्याचा आवाज होता, "नमस्कार, मी तयार आहे."

बाहेर येऊन त्याने हवालदारांना सांगितलं, "बाहेरचं कोणी आलेलं नाही." ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनानंतर देवळाच्या सभामंडपात विनयांजली सभा झाली. नानासो बोलले, एक पंडितजी बोलले. राजमतींच्या नावाचा संगमरवरी फलक लावायचं ठरलं. गोमटेश मागच्या खांबाला टेकून होता. त्याला एक गोष्ट माहीत होती. रेकॉर्डरमध्ये पंधरा दिवसांचं चित्रण राहतं, सोळाव्या दिवशी जुन्यावर नवं चढतं. त्याला काही करायचीही गरज नव्हती. गप्प बसलं की राजमतींचा आवाज आपोआप पुसला जाणार होता, आणि पाच बाराला प्लग कोणी बंद केला हे कोणी विचारणार नव्हतं.

बाराव्या दिवशी अतिशय घर बंद करून पुण्याला निघाला होता. गोमटेश कुंडलला गेला.

"दादा, काकू बोलल्या होत्या."

"कुणाशी?"

"डब्याशी."

अतिशयने चावीचा जुडगा खिशात ठेवला. "लाव."

पहिली हाक झाली. दुसरी झाली. अतिशयने तळहात पडद्यावर ठेवला, जणू आवाज तिथून येत होता. गोमटेशने चित्रण थांबवलं.

"डब्याने ऐकलं का नाही?"

"मी बंद केला होता. पहाटे पाच बाराला."

"का?"

"मौन होतं म्हणून."

"मौन होतं म्हणून," अतिशय म्हणाला. "अरे, पुण्याचा कोणी मिस्त्री असता तर त्याला मौन म्हणजे काय तेही कळलं नसतं. त्याने चालूच ठेवला असता. तू आपल्यातला म्हणून मी तुला बोलावलं."

गोमटेश रेकॉर्डर बंद करू लागला.

"मला फोन करायचा होतास."

"तुमी झोपला असशीला म्हणून..."

"झोपलो होतो. तिला न्यायला नको म्हणून तर हे सगळं बसवून घेतलं मी." अतिशय सोप्यावर गेला, परत आला. "गावात सांगणार?"

"तुमी म्हणाल तसं."

"माझ्यावर टाकू नको ते." तो गाडीत बसला आणि गेला.

गोमटेश तिथून थेट नानासोंकडे गेला. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं. चित्रण ऐकायला नकार दिला.

"जीव जाताना मानूस वरडतो. त्यात दोष न्हाई," ते म्हणाले.

"मग फलकावर मौनाचं लिहू नका. खोटं हाय ते."

"नऊ मिनिटं धरलं म्हनतोस न्हवं? खुबा मोडल्यावर नऊ मिनिटं. तू एक मिनिट धरून दाखव." नानासो उठले. "गोमटेश, तुला हलकं व्हायचंय. त्यासाठी त्या बाईचं पुण्य कमी करू नगंस. फलक तिचा हाय, तुझा न्हाई."

सुलाबाईला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "मला हाक मारली व्हती?" त्याने हो म्हटलं. ती आत गेली. त्यानंतर ती आणि कृष्णात त्याच्याशी बोललेली नाहीत. गावात इतरांनी ऐकलं, पण यंत्राचं काय खरं धरायचं, असं म्हणून सोडून दिलं. महिन्याने फलक लागला. राजमतींनी प्राणांतिक वेदनेतही मौन पाळलं, असं त्यावर कोरलेलं आहे. चित्रण तोवर पुसलं गेलं होतं. गोमटेशने त्याची नक्कल काढली नव्हती. ती काढायला आपल्याला कोणाची परवानगी हवी होती, हे त्याला ठरवता आलं नाही.

त्यानंतर त्याने बोलण्यावर चालणारं काम बंद केलेलं नाही. लोक मागतात, तो बसवतो. पण आधी तो घरातल्या माणसांना उपवासाचे, मौनाचे दिवस विचारतो, मग घरातली ओली जागा कुठली ते विचारतो आणि तिथे लाल बटण लावतो. त्याची तार थेट भोंग्याला जाते. मोबाइलवरून ते बंद करता येत नाही, त्यालाही नाही.

या वर्षी अनंत चतुर्दशीला तो दुकानात होता. घरी आईचं मौन होतं. तिच्या मोरीजवळही बटण आहे. दुपारी सव्वातीनच्या पुढे फोन वाजला. वर्षभरात अतिशयचा पहिला.

"किती वेळा?" त्याने विचारलं.

"चौदा."

"मी दोन ऐकल्या."

"व्हय."

"बाकीच्या सांग."

गोमटेशने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आठवतील तशा सांगितल्या. तिसरी किती वाजता, चौथीच्या वेळी ढोल कसे जवळ आले होते, सातवीपासून शब्द कसा गळाला आणि नाव तेवढं राहिलं. तेरावी झाली.

"आणि शेवटची?"

आपल्या हातून झालेलं सगळं गोमटेशने दोन जिल्ह्यांतल्या अनोळखी माणसांना सांगितलं होतं.

"ती नीट ऐकू आली न्हाई, दादा," तो म्हणाला.